पंचाहत्तर शब्द

"त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर." विनीफ्रेड कोल्बीने पेन्सिलीच्या टोकाने शेवटचा शब्द टिपला आणि तिचा हात तिथेच थांबला. कागदावर पुढे अजून सात ओळी होत्या.

"काय झालं?" समोरच्या टेबलावरून प्रेस्टनने विचारलं. प्रेस्टन हॉइट हा 'टॅमरॅक मेसेंजर' या साप्ताहिकाचा मालक, संपादक, छायाचित्रकार आणि शनिवारी झाडूवालासुद्धा.

"काही नाही," विनी म्हणाली आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायला लागली.

विनीला या कचेरीत छत्तीस वर्षं झाली होती. जन्म-मृत्यूच्या बातम्या, शाळेचे सामने, हरवलेली कुत्री असलं सगळं ती करायची. पण तिचं खरं काम दर दोन वर्षांनी ऑक्टोबरात यायचं. राज्याच्या सभागृहासाठी उभ्या राहिलेल्या प्रत्येक उमेदवाराला ती दहा प्रश्न पाठवायची. शाळांचा खर्च, बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकायचं मीठ, हरणांच्या शिकारीचे दिवस, घरपट्टी. प्रत्येक प्रश्नाला पंचाहत्तर शब्दांत उत्तर. शुक्रवारी पाचच्या आत आलं तर छापायचं, नाही आलं तर 'उत्तर आले नाही' असं छापायचं. इतक्या वर्षांत इतकी मतं वाचून तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की पंचाहत्तर शब्द बोलूनही काहीच न बोलणं माणसाला छान जमतं.

तरी तिला या माणसांचं अप्रूप वाटायचंच. न्यू हॅम्पशायरच्या विधानभवनाच्या त्या सोनेरी घुमटाखाली चारशे जण बसतात. त्यात गवंडी असतो, मधमाशा पाळणारा असतो, निवृत्त शिक्षिका असते. वर्षाचं मानधन शंभर डॉलर, त्यात धड बुटांचा जोड येत नाही. एवढ्यासाठी ही माणसं बर्फात दीडशे मैल गाडी हाकत जातात आणि कायदे करतात. कोणी सांगितलंय यांना, असं विनी दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी त्यांची उत्तरं एखाद्या पवित्र वस्तूसारखी सांभाळून फायलीत लावायची.

समोरचा कागद आर्मंड थिबोडोचा होता. आर्मंड गावातले घरं तापवणारे बॉयलर दुरुस्त करायचा. एकसष्ट वर्षांचा, बुटका, नखांत कायमची काजळी. शाळेत विनीच्या दोन वर्ग मागे होता. उभं राहायला कोणी तयार होईना म्हणून पक्षाच्या चार लोकांनी त्याला गळ घातली, आणि नाही म्हणणं न जमल्यामुळे तो उभा राहिला होता.

सातवा प्रश्न असा होता, की काउंटीचा वृद्धाश्रम विकावा का? या वर्षी टॅमरॅकमध्ये हाच एक प्रश्न होता, बाकीचे नऊ तोंडी लावायला. एक कंपनी तो विकत घेऊन बंद करणार होती आणि इथल्या म्हाताऱ्यांना सत्तर मैलांवरच्या आपल्या मोठ्या आश्रमात हलवणार होती. निर्णय काउंटीतून, म्हणजे या जिल्ह्यातून, सभागृहात निवडून गेलेल्या सतरा जणांच्या हाती असतो. बाकीच्या सोळा जागा ठरल्यासारख्याच होत्या, आठ जण विकायच्या बाजूने, आठ विरोधात. सतरावी जागा आर्मंड थिबोडो किंवा जेनिस लॅमफ्रे यांपैकी एकाची. जेनिसने स्वच्छ लिहिलं होतं, 'विकावा.' आणि आर्मंडने जे लिहिलं होतं ते विनी आता तिसऱ्यांदा वाचत होती.

'काउंटीचा वृद्धाश्रम विकावा असं म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. इमारत एकोणनव्वद वर्षांची आहे, छप्पर दोन ठिकाणी गळतं आणि बॉयलर मी स्वतः तीनदा जोडलाय. परिचारिका मिळत नाहीत. चाळीस खाटा रिकाम्या आहेत. दरवर्षीचा तोटा घरपट्टीतून भरला जातो, आणि ती घरपट्टी भरणाऱ्यांत स्वतःच्या घरात थंडीने कुडकुडणारे म्हातारेही आहेत, त्यांची घरं मी पाहिली आहेत. विकत घेणाऱ्या कंपनीचा दुसऱ्या गावातला वृद्धाश्रम मी जाऊन पाहिला. तो स्वच्छ आहे, जेवण चांगलं आहे, माणसं हसून बोलतात. तिथे कोणाची आबाळ होईल असं मला वाटत नाही.'

इथे पंचाहत्तर शब्द संपत होते. त्यापुढच्या सात ओळी अशा होत्या:

'तरीही मी विकण्याच्या विरोधात मत देईन. ते गाव सत्तर मैलांवर आहे. थंडीत तिथे भेटायला कोणी जाणार नाही, आणि ज्याला भेटायला कोणी येत नाही तो माणूस कसा बसतो, ते मी तळघरातून वर येताना दर आठवड्याला पाहतो. हा तोटा आपण सगळ्यांनी मिळून सोसावा, एवढंच माझं मत आहे.'

विनीने चष्मा काढून पुसला. छत्तीस वर्षांत शेकडो उमेदवार झाले, पण विरोधकाची बाजू इतक्या नीट, इतक्या मायेने मांडणारा माणूस तिने पाहिला नव्हता. आणि त्या भानगडीत त्याचे स्वतःचे शब्द संपून गेले होते.

"दाखवा बघू," प्रेस्टन उठून आला. त्याने वाचलं, ओठांनी हळूच शीळ घातली. "अरे देवा. पंचाहत्तरला तोडलं तर हा विकायच्या बाजूचा होतो."

"आणि वाक्य मध्ये तुटलं तरच आपण टिंबं देतो," विनी म्हणाली. "इथे वाक्य पूर्ण झालंय. टिंबंसुद्धा नाहीत. वाचणाऱ्याला वाटणार, उत्तर एवढंच."

"मग फोन करा त्याला. पाचला अजून वीस मिनिटं आहेत. म्हणावं, जरा छाटून दे."

"नाही करायचा."

"विनी, नियम आपणच केलाय ना?"

"तुझ्या वडिलांनी केला. माझ्यामुळे केला."

प्रेस्टनला ती गोष्ट माहीत होती, पण विनीकडून त्याने ती कधी ऐकली नव्हती. विनी नवी होती तेव्हा एका उमेदवाराचं उत्तर लांबलं म्हणून तिने भल्यापोटी त्याला फोन केला. त्याने दोन वाक्यं उडवली, उत्तर चटकदार झालं. त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईंचंही उत्तर लांबलं होतं. त्यांना फोन लावला तर उचलला नाही, म्हणून त्यांचं तोडून छापलं. बाई चार मतांनी पडल्या. नंतर कचेरीत आल्या, आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "मला पुन्हा का नाही केलास फोन?" त्या दिवसापासून मेसेंजरचा नियम झाला, की कोणालाच फोन नाही, कोणाचं अक्षर बदलायचं नाही, पंचाहत्तरला कात्री.

"पण बीट्रिस तिथे आहे," प्रेस्टन हळू आवाजात म्हणाला. "तुमची सख्खी बहीण. ती सत्तर मैलांवर गेली तर तुमची ती जुनी गाडी..."

"म्हणूनच नाही करायचा," विनी म्हणाली. "दुसऱ्या कोणाची बहीण असती तर कदाचित केलाही असता."

पाच वाजले. तिने सात ओळींवर एक सरळ रेघ मारली. रेघ मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

*

रविवारी दुपारी ती बीट्रिसकडे गेली. बीट्रिस सात वर्षांनी मोठी, पाय गेलेले, कान अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत. जेवणघरात खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घ्यायची.

"उशीर केलास," ती म्हणाली. "बटाटे संपले."

"मी जेवून आलेय."

"तू नेहमीच जेवून येतेस. इथलं खाल्लंस तर मरशील की काय?"

तेवढ्यात तळघराचं दार उघडून आर्मंड वर आला. रविवार असूनही अंगावर कामाचे कपडे. जेवणघरातून जाताना तो एकेका टेबलापाशी थांबायचा. एकाला म्हणाला, "काय म्हणतोय गुडघा?" एकीला म्हणाला, "आज ऊब आली ना? का अजून फिरवू चावी?" हात काळे म्हणून त्याने ते पाठीमागे धरले होते. ज्या टेबलावर एकटंच कोणी होतं तिथे तो जास्त वेळ थांबायचा, हे विनीने आज पहिल्यांदा पाहिलं.

"विनी! माझी उत्तरं पोचली ना गं?"

"पोचली."

"सातव्याने घाम काढला बघ. तीन संध्याकाळ बसलो होतो." तो बाजूच्या खुर्चीच्या काठावर टेकला. "मी जेनिसकडे गेलो होतो. तिला म्हटलं, बाई, तुझी बाजू मला नीट समजावून दे, मला लिहायचीय. तिला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग तासभर बोलली, वर केक खायला घातला."

"जेनिसची बाजू तू कशाला लिहायची? ती लिहील की तिची."

आर्मंडने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने काही भलतंच विचारलं होतं. "अगं, तिचं म्हणणं खोडायचं तर आधी ते पुरतं उभं नको का करायला? अर्धमेल्या माणसाला मारण्यात काय मोठेपणा? आणि खरं सांगू का, लिहिताना तिचं बरंच पटलं मला. तेव्हा भीती वाटली. म्हटलं, आता आपलं मत टिकतंय का बघू. टिकलं."

विनीच्या तोंडाशी शब्द आले होते. आर्मंड, तुझं मत छापलंच जाणार नाहीये. एवढं एक वाक्य. अंक सोमवारी छपाईला जाणार होता, बदल करायला वेळ होता. समोर बीट्रिस बसली होती, तिच्या मांडीवरची शाल घसरली होती. विनीने शाल सारखी केली.

"बरं, येतो," आर्मंड उठला. "खालचा पंप कुरकुरतोय."

तो गेल्यावर बीट्रिस म्हणाली, "तुला काय झालं? चेहरा का असा?"

"बटाटे संपले म्हणून," विनी म्हणाली.

*

बुधवारी अंक निघाला आणि दुपारपर्यंत पोस्टातल्या रांगेत एकच विषय झाला. आर्मंडसुद्धा विकायच्या बाजूचा! ज्याने तो बॉयलर तीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला, त्यानेच शेवटी टोपी फिरवली. कोणी म्हणालं, कंपनीने तिकडच्या बॉयलरचं काम कबूल केलं असणार त्याला. विनी तिकिटं घेऊन मान खाली घालून बाहेर पडली.

गुरुवारी सकाळी आर्मंड कचेरीत आला. विनी उभी राहिली. हा दिवस एकदा यापूर्वी तिच्या आयुष्यात येऊन गेला होता, त्यामुळे काय होणार ते तिला ठाऊक होतं असं तिला वाटत होतं.

"माझा मूळ कागद आहे का?" आर्मंडने विचारलं.

तिने फाईल काढून दिली. तो टेबलाशी वाकला आणि काळ्या बोटाने शब्द मोजायला लागला. सावकाश, हिशेबाच्या परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. पंचाहत्तरला थांबला. मग म्हणाला, "जेनिसचंही असंच तोडलंस का गं?"

"तिचं दुसरं उत्तर तोडलं. एक्याऐंशी झाले होते."

"मग बरोबर आहे."

"बरोबर काय बरोबर, आर्मंड! फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पंचाहत्तर शब्द. तू मोजले नाहीस?"

"मोजले ना." त्याने रेघेखालच्या सात ओळींवर बोट ठेवलं. "हे मोजले. पंचाहत्तरच्या पुष्कळ आत आहेत. तुम्ही विचारलं होतं, तुमचं मत पंचाहत्तर शब्दांत लिहा. माझं मत एवढंच आहे. वरचं तर जेनिसचं आहे. तिचे शब्द माझ्यात कसे धरायचे?"

प्रेस्टनने तोंड फिरवलं. विनी खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. असा माणूस या जगात असू शकतो आणि तो आपल्या गावात तेलाची नळी खांद्यावर टाकून फिरतो, हे तिला त्या क्षणी एखाद्या चमत्काराइतकं मोठं वाटलं.

"पुढच्या अंकात पत्र दे म्हणाले असते," ती म्हणाली, "पण मतदानाआधीच्या शेवटच्या अंकात उमेदवाराचं पत्र आम्ही घेत नाही. कोणाचंच."

"घेऊ नका. जेनिसला उत्तर द्यायला वेळच कुठे उरतो मग." त्याने टोपी घातली. "तिचा फोन आला होता काल. म्हणाली, माझी बाजू माझ्यापेक्षा तूच बरी मांडलीस. मी म्हटलं, केकचे उपकार."

"तू रागावला नाहीस?" विनीने शेवटी विचारलं. "रविवारी मला ठाऊक होतं. मी तुझ्यासमोर गप्प बसले."

आर्मंड दारात थांबला. "तेव्हा सांगितलं असतंस तर मी जेनिसला कुठल्या तोंडाने भेटलो असतो?" तो म्हणाला. "चल, बरीच दारं ठोठावायचीत."

उरलेले दिवस तो दारोदार फिरला. काहींनी ऐकून घेतलं. बरेच म्हणाले, छापलंय एक आणि बोलतोय एक, आता अंगाशी आलं म्हणून फिरतोय. मतदानाच्या दिवशी मतपत्रिका नगरसभागृहात हाताने मोजल्या गेल्या. लोक दोरीमागे उभे राहून पाहत होते, आर्मंड त्यांच्यातच होता. तो सहा मतांनी पडला. जेनिसचा हात हातात घेऊन त्याने अभिनंदन केलं आणि सकाळी लवकर काम आहे म्हणून घरी गेला.

*

जानेवारीत सतरा जणांची बैठक वृद्धाश्रमाच्या जेवणघरातच भरली. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. लोकांनी बोलायचं, प्रत्येकी दोन मिनिटं, मग मतदान. विनी वही घेऊन पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी बीट्रिसची चाकांची खुर्ची.

एकामागून एक लोक उठले आणि विकू नका म्हणाले. कोणी रडलं, कोणी समोर बसलेल्या विकायच्या बाजूच्या नऊ जणांना नको ते बोललं. जेनिस खाली बघत बसली होती, मान लाल झाली होती. विकायच्या बाजूने बोलायला एकही माणूस पुढे आला नाही. म्हाताऱ्यांच्या तोंडावर ते कोण बोलणार?

मग आर्मंडचं नाव पुकारलं. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं.

"विकणाऱ्यांची बाजू इथे कोणी मांडली नाही," तो म्हणाला. "ती मांडल्याशिवाय मत घेणं बरं नव्हे. म्हणून आधी ती मी सांगतो."

हॉलमध्ये कुजबुज उठली. मागून कोणीतरी ओरडलं, "खाली बस रे!" आर्मंड घड्याळाकडे बघत बोलत राहिला. छप्पर, परिचारिका, रिकाम्या खाटा, घरपट्टी, कुडकुडणारी ती दुसरी म्हातारी माणसं. जेनिसने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते. ही माणसं दुष्ट नाहीत, तो म्हणाला, यांना उद्याही इथेच राहायचंय, उद्याही यांच्याशी नीट बोला. कुजबुज थांबली. दोन मिनिटं संपायला दहा सेकंद उरले तेव्हा त्याने घड्याळ खिशात टाकलं.

"हे सगळं खरं आहे," आर्मंड म्हणाला. "तरीही विकू नका." आणि खाली बसला.

विनीने छत्तीस वर्षं माणसांची मतं मोजली होती, तोडली होती, फायलीत लावली होती. मत म्हणजे काय असतं ते तिला त्या दिवशी समजलं. तिला वाटलं, उठून उभं राहावं. पण ती वार्ताहर होती, म्हणून तिने फक्त लिहून घेतलं.

"हा कोणाकडून बोलला गं?" बीट्रिसने मोठ्याने विचारलं. तिला अर्धंच ऐकू आलं होतं.

"आपल्याकडून," विनी तिच्या कानाशी म्हणाली.

नावं पुकारली गेली. आठ हो, आठ नाही. जेनिस लॅमफ्रे शेवटची. मतदारांना तिने विकणार असं सांगितलं होतं, छापून सांगितलं होतं, आणि त्यावर ती निवडून आली होती. ती म्हणाली, "हो." आवाज इतका बारीक होता, की कारकुनाने पुन्हा विचारलं, आणि तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

नऊ विरुद्ध आठ. विनीने वहीत आकडे लिहिले. सहा मतं आणि सात ओळी, यांचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला, आणि तिने बीट्रिसचा हात धरला. त्या शुक्रवारी पुन्हा पाच वाजले असते तर आपण पुन्हा तीच रेघ मारली असती, हे तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं फार जड होतं.

लोक कोट चढवून गुपचूप निघून गेले. सदस्यही गेले. जेनिस एकटी आपल्या खुर्चीपाशी उभी होती, हातमोजे हातात घेऊन, घालायचं विसरून. आर्मंड भिंतीशी लावलेल्या टेबलांकडे गेला, पहिल्या टेबलाचं एक टोक उचललं आणि आजूबाजूला पाहिलं.

"जेनिस, ते टोक धर जरा," तो म्हणाला. "साडेचारला यांचं जेवण असतं."

तिने हातमोजे कोटाच्या खिशात कोंबले आणि दुसरं टोक उचललं. दोघांनी मिळून टेबल खिडकीपाशी आणून ठेवलं, आणि पुढचं आणायला वळले.